उरलेल्या सुताचे उन्हाळी विणकाम

दोन सुयांवरचे विणकाम म्हटले की आपल्याकडे स्वेटर, कानटोपी आणि मफलर आठवतात. दिवाळीनंतर बाहेर निघालेल्या सुया संक्रांत सरली की कपाटात जातात, उरलेले गुंडे पिशवीत भरून माळ्यावर चढतात आणि हे कसब थंड मुलखाचेच, असे आपण गृहीत धरतो. पुरावा मात्र वेगळे सांगतो. सुयांवर विणलेल्या ज्या सर्वांत जुन्या वस्तू आज उपलब्ध आहेत, त्यांत इजिप्तमधले मोजे आहेत, साधारण 11 ते 14 व्या शतकांतले. ते सुती आहेत. पांढऱ्या आणि निळीत रंगवलेल्या दोऱ्यांनी, अतिशय बारीक टाक्यांत, पट्ट्यापट्ट्यांची नक्षी उठवत ते विणले आहेत. स्पेनमध्ये बुर्गोसच्या मठात 1275 साली दफन केलेल्या राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दाच्या डोक्याखालच्या उशीचा अभ्राही विणलेला आहे, तोही रेशमी. तेव्हा उन्हाळ्यासाठी विणायला बसणे म्हणजे या कलेला भलतीकडे ओढणे नव्हे. उष्ण हवेत विणलेला कपडा सुसह्य होतो की नाही, हे धाग्याची जात, टाक्यांची वीण आणि कपड्याचा घेर या तीन गोष्टी ठरवतात. माझे म्हणणे याच्याही पुढचे आहे: माळ्यावरच्या पिशवीतले अर्धेमुर्धे गुंडे या कामाला नव्या धाग्याइतकेच उपयोगी पडतात, फक्त ते पारखून घेतले पाहिजेत.

विणलेले कापड आपण उन्हाळ्यात रोजच अंगावर वागवतो. तिरुपूरच्या यंत्रांवर तयार होणारी बनियन आणि टी-शर्ट म्हणजे सुलट टाक्यांची बारीक वीणच. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे ताणून एकमेकांत गुंतवलेले असतात. विणकामात एकच धागा फाशातून फासा काढत जातो, त्यामुळे फाशाच्या पोटात आणि दोन फाशांच्या मध्ये हवा राहते. ही हवा कोंडली तर ऊब मिळते, वाहती राहिली तर गारवा. नॉर्वेच्या सैन्यातले अधिकारी हेन्रिक ब्रुन यांनी 1933 साली मासेमारीच्या जुन्या जाळ्यांची बंडी करून पाहिली, त्यामागे हेच तत्त्व होते. वरून अंगरखा चढवून गळा मिटला की जाळीच्या भोकांतली हवा अंग गरम ठेवते, गळा सैल केला की घामाची वाफ निघून जाते. बंडी तीच, काम दोन्ही ऋतूंचे. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातली सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणून उन्हाळी कपड्याचे पहिले काम घामाला वाळू देणे हे आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम सहजासहजी वाळत नाही, तिथे वाऱ्याला वाट देणारी जाळी खरोखर कामाची. विदर्भातल्या कोरड्या झळांत ती तितकीशी उपयोगाची नाही, कारण तिथे ऊन त्वचेपर्यंत पोचू न देणे अधिक महत्त्वाचे असते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यासाठी विणायचे तर वीण मिटलेली आणि घेर सैल हवा. जाळी घरात आणि सावलीत वापरावी.

आता सर्वांत मोठा आक्षेप. आपल्याकडे जिला सर्रास लोकर म्हणतात ती बहुतेक वेळा लोकर नसतेच, ॲक्रिलिक असते, आणि ॲक्रिलिक उन्हाळ्यात अंगाला चिकटते. आक्षेप अगदी रास्त आहे. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवलेले सूत आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के पाणी शोषून धरते. रेशीम 11 टक्के, ताग-अंबाडीसारखा जवसाचा धागा म्हणजे लिनन 12, अस्सल लोकर तर 16 टक्क्यांच्या आसपास. ॲक्रिलिकचा आकडा दोनच्या आतबाहेर. घाम टिपून घेण्याची ताकदच त्यात नाही. म्हणून शुद्ध ॲक्रिलिकचा गुंडा कितीही मऊ असला, रंगाने कितीही मोहक असला, तरी उघड्या अंगाला लागणाऱ्या उन्हाळी कपड्यात तो घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सुती ब्लाउजवर घ्यायचा मोकळ्या जाळीचा श्रग किंवा स्टोल यापुरते तो चालून जाईल. याच आकड्यांतून उलट बाजूही दिसते. खऱ्या लोकरीला उन्हाळ्यात हद्दपार करण्याचे कारण नाही. बारीक कातलेली, मोकळी विणलेली लोकर घाम चांगला पेलते. ती टोचते ही तक्रार खरी, पण ती तंतूच्या जाडीमुळे.

म्हणून पहिले काम पारखण्याचे. पिशवीतल्या निम्म्या गुंड्यांवरची पट्टी केव्हाच गळून गेलेली असते. अशा गुंड्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत किंवा पाण्याच्या भांड्यावर पेटवावा. सूत झरझर जळते, जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे भुरभुरीत करडी राख उरते. लोकर आणि रेशीम कुरकुरत जळतात, ज्योत हटवली की विझू लागतात, वास जळक्या केसांचा येतो. ॲक्रिलिक वितळते, काळा धूर सोडते आणि टोकाला टणक काळा मणी तयार होतो. गार झाल्यावरही तो नखाने फुटत नाही. सूत आणि ॲक्रिलिक यांचे मिश्रण असेल तर कागदाचा वासही येतो आणि मणीही होतो. असे मिश्रण टाकून देऊ नये, ते शुद्ध सुतापेक्षा हलके भरते. त्यानंतर पाण्याची परीक्षा. धागा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबायचा. फडक्यावर रंग उतरला तर तो गुंडा पांढऱ्याशेजारी लावायचा नाही. गडद लाल आणि गडद निळा यांच्याबाबत तर ही परीक्षा चुकवूच नये, कारण घामाने भिजणाऱ्या कपड्यात रंग जायला धुण्याचीही वाट पाहावी लागत नाही. क्रोशाच्या चकचकीत दोऱ्याचे उरलेले गुंडे सापडले तर ते आधी बाजूला काढावेत. सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया जॉन मर्सर यांनी 1844 मध्ये शोधली आणि पुढे 1890 च्या सुमारास होरेस लो यांनी धागा ताणून धरून तीच प्रक्रिया केली, तेव्हा ही चकाकी आली. असा दोरा गुळगुळीत, मजबूत आणि कमी लव सोडणारा असतो, उन्हाळ्याला अगदी योग्य.

सुताविरुद्धही एक तक्रार अनुभवी विणणाऱ्या बायका करतात: सूत जड असते आणि कपडा लोंबतो. हेही खरे आहे. सुताच्या तंतूची घनता लोकरीपेक्षा सुमारे 16 टक्क्यांनी आणि ॲक्रिलिकपेक्षा जवळजवळ 30 टक्क्यांनी जास्त. शिवाय लोकरीचा तंतू ताणला तरी मूळ जागी येतो, सूत आलेला ताण धरून ठेवते. नेहमीचा स्वेटरचा नमुना तसाच सुतात उतरवला तर आठवडाभरात खांदे खाली आणि घेर गुडघ्याकडे जाणारच. उपाय सुईच्या जाडीत आणि टाक्यांत आहे. चार पदरी धागा नेहमी सव्वातीन मिलिमीटरच्या सुईवर विणतात, तेव्हा 10 सेंटिमीटरांत 28 टाके बसतात. तोच धागा साडेचार मिलिमीटरच्या सुईवर घेतला तर टाके 22 च्या आसपास येतात, ओळीही कमी लागतात आणि तेवढ्याच जागेत ढोबळमानाने एक तृतीयांश टाके वाचतात. वजन उतरते, हवा वाढते. त्यात जाळीची नक्षी घातली की आणखी फरक पडतो. शेटलंड बेटांवरची लाटांची जुनी नक्षी पाहण्यासारखी आहे. तिचे चार ओळींचे आवर्तन असते आणि खरे काम एकाच ओळीत होते: दोन-दोन टाके एकत्र असे तीनदा, मग दोरा सुईवर घेऊन एक सुलट असे सहादा, पुन्हा दोन-दोन एकत्र तीनदा. 18 टाक्यांत सहा कमी झाले, सहा वाढले, संख्या तीच राहिली आणि मध्ये सहा भोके पडली. एकत्र केलेल्या टाक्यांशी कापड दबते, भोकांशी फुगते, आणि सरळ ओळ आपोआप लाटेसारखी वळते. ज्या बेटांवर थंडी हाडात शिरते तिथल्या बायकांनी अंगठीतून आरपार जाईल इतकी तलम शाल याच युक्त्यांनी साधली. मात्र खांद्याच्या चार बोटे पट्टीत भोके नकोत, तिथे वीण घट्ट ठेवावी, कारण सगळा भार तिथेच येतो. विणलेला नमुन्याचा तुकडा धुऊन, चिमट्यांनी दोरीवर लटकवून, दुसऱ्या दिवशी मोजावा. जी लांबी भरेल तीच हिशेबात धरावी. पुरा कपडा मात्र धुतल्यावर कधी टांगू नये, पसरूनच वाळवावा.

राहिला प्रश्न अपुऱ्या धाग्याचा. कुठलाच गुंडा पुरा नाही, जाडी वेगळी, रंग वेगळा, एकाच रंगाचे दोन गुंडे असले तर लॉट वेगळा. इथे उन्हाळी कपड्याचा कमीपणाच कामी येतो: बाही नाही, गळा मोठा, लांबी कमी. गळ्यापासून खाली गोल विणत गेले तर धागा संपेल तिथे कपडा संपवता येतो, आधी ठरवलेल्या लांबीची सक्ती उरत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक पट्टा विणण्याआधी आणि विणल्यावर गुंडा ठेवला की त्या पट्ट्याला किती ग्रॅम गेले ते कळते आणि उरलेल्यात आणखी किती पट्टे होतील याचा अंदाज चुकत नाही. दोन लॉट असतील तर एकाआड एक ओळ दोन्हींतून घ्यावी, फरक डोळ्याला जाणवत नाही. बारीक दोन-तीन धागे एकत्र धरले की जाडीचा मेळ बसतो, आणि मागाच्या कोनांवर उरलेले सूतही असे वापरता येते. फक्त एकपदरी, जास्त पीळ असलेले सूत नुसत्या सुलट विणीत तिरके पडते. त्यात सुलट-उलट टाके आलटूनपालटून घ्यावेत म्हणजे कापड सरळ राहते. नवा धागा आणून एकरंगी कपडा विणणाऱ्याला हे निर्णय घ्यावे लागत नाहीत, आणि म्हणून त्याला कपड्याच्या मापाचा इतका बारकाईने विचारही करावा लागत नाही.

शेवटचा आक्षेप वेळेचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. दोनशे रुपयांत टी-शर्ट मिळत असताना हे कशाला? हिशेब सरळ मांडू. 92 सेंटिमीटर छातीच्या बिनबाह्यांच्या कपड्याला साधारण 200 टाके आणि 150 फेरे धरले तर 30,000 टाके होतात. मिनिटाला 25 टाके या गतीने 20 तास. धागा पिशवीतला, म्हणजे पैसे आधीच खर्च झालेले. पण हे 20 तास फुकटचे नाहीत. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचे आंध्रातल्या नरसापूरच्या लेसवाल्या बायकांवरचे पुस्तक 1982 मध्ये आले. गोदावरीच्या उष्ण खोऱ्यात, सुती दोऱ्यावर, क्रोशाच्या सुईने या बायका परदेशी जाणारा माल विणत होत्या आणि त्यांचे दिवसभराचे श्रम घरबसल्या रिकाम्या वेळातला विरंगुळा म्हणून मोजले जात होते, मजुरीही त्याच मापाने मिळत होती. स्वतःसाठी विणणारीला तास कसे घालवायचे हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार आहे. तिला अंगाला नेमका बसणारा, उसवून पुन्हा विणता येणारा कपडा मिळतो आणि ते पुरेसे कारण आहे. पण शेजारीण किंवा नात्यातली कोणी आपली उरलेली लोकर पुढे करून ‘धागा माझाच आहे, जरा विणून दे’ म्हणते, तेव्हा ती प्रत्यक्षात 20 तास मागत असते. तिथे तासांचे दाम आधी बोलून घ्यावेत, आणि ते द्यायची तयारी नसेल तर दोनशे रुपयांचा टी-शर्ट खुशाल घ्यावा.