गाडी तुमची, नोंदी कोणाच्या?

ताडकळसमध्ये दारात उभ्या असलेल्या एमएच-२२ पासिंगच्या नव्या गाडीत कंपनीचे सिम असेल, तर ती कुठे गेली, किती वेगाने गेली, ब्रेक किती जोरात दाबला, हे सगळे कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोहोचू शकते. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ कार ब्रँडची गोपनीयता तपासली. एकही पास झाला नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या चालकांच्या सवयींच्या नोंदी विमा कंपन्यांपर्यंत गेल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. आपल्याकडे तर सरकारनेच वाट दाखवली होती. वाहन नोंदणीच्या ‘वाहन’ आणि चालक परवान्यांच्या ‘सारथी’ या सरकारी डेटाबेसमधली माहिती देऊन सुमारे ६५ कोटी रुपये मिळाल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरींनी २०१९ मध्ये राज्यसभेत सांगितले. माहिती देण्याचे ते धोरण २०२० मध्ये, गोपनीयतेच्याच कारणाने, गुंडाळावे लागले.

“आपल्याला काय लपवायचंय?” हा नेहमीचा सवाल. पण मुद्दा लपवण्याचा नाही, वापराचा आहे. चोरीला गेलेली गाडी शोधायला, अपघातात मदत बोलवायला लोकेशन लागते, हे मान्यच. मात्र मदतीसाठी दिलेली माहिती विमा किंवा जाहिरातीसाठी वापरायची, तर वेगळी परवानगी हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही तोच: संमती ठरावीक कारणापुरती आणि मागे घेता येणारी. शोरूममध्ये घाईघाईत ‘ॲग्री’ दाबून घेणे त्यात बसत नाही, असे माझे स्पष्ट मत. तेव्हा ॲपमधल्या परवानग्या तपासा, आणि गाडी विकण्यापूर्वी सिस्टीममधले फोन नंबर पुसून ॲपमधून ती गाडी काढून टाका.