इंजिन घरी उघडा, माप मात्र दुकानात घ्या

दिवाळी आटोपली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. कापड, बांगड्या, खेळणी, भांडी घेऊन फिरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याचा हा मोठा हंगाम. आमगाव, सालेकसा, देवरी असा त्याचा फेरा मोटारसायकलवरच होतो. ऐन हंगामात इंजिन बसले, तर दुरुस्तीच्या बिलापेक्षा बुडालेले बाजारच अधिक महागात पडतात. म्हणून रोवणीच्या दिवसांत, गिऱ्हाईक बांधीत असते आणि बाजार मंदावतो, तेव्हाच हे काम उरकून घेणे शहाणपणाचे. त्यातील बरेच काम हाताला सवय असलेल्या माणसाला घरीही करता येते.

आधी रोग ओळखा

अ‍ॅक्सिलरेटर देताच निळा धूर येत असेल तर बहुधा रिंगा झिजल्या आहेत. सकाळी सुरू करताना थोडा वेळच निळा धूर येत असेल तर व्हॉल्व्हचे सील पाहावे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. त्यासाठी इंजिन खोलण्याची गरज नाही, एअर फिल्टर व कार्बोरेटर तपासावा. आणखी एक सोपी पारख आहे. प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, प्लग बसवून किक मारावी. दाब वाढलेला जाणवला तर दोष रिंग-बोअरचा, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा.

खोलताना घाई नको

आधी इंजिन बाहेरून स्वच्छ धुवावे, कारण आत गेलेला वाळूचा एक कणही नवा बोअर ओरखडतो. नट-बोल्ट ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. टायमिंग चेन काढण्यापूर्वी खुणा जुळवून वहीत लिहून घ्याव्यात. ब्लॉक उचलताच खालच्या तोंडावर स्वच्छ कापड कोंबावे. पिस्टनचे लॉक आत पडले तर अख्खे इंजिन खोलावे लागते. हे लॉक आणि गॅस्केट नवीनच घालावेत. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहावा. तो खटखटत असेल तर क्रँक कारखान्यात दाबयंत्रावर न्यावा लागेल. ते घरचे काम नव्हे.

माप हाच खरा उस्ताद

बोअर किती झिजला हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी बोअर गेज व मायक्रोमीटर लागतो, आणि तो बोअरिंगच्या दुकानात असतो. अनेकजण आधी बोअर करून मग पिस्टन शोधतात. ही चूक टाळावी. आधी पिस्टन विकत घ्यावा, त्याचे माप घ्यावे आणि त्या मापाला बोअर करून होनिंग करावे. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधील फट फिलर गेजने मोजावी. बसवताना रिंगांच्या फटी एका ओळीत येऊ देऊ नयेत. हेडचे नट टॉर्क पान्याने, समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळावेत.

ताकद वाढते का?

मोठा पिस्टन घातला की गाडी पळू लागते, असा तरुणांचा समज असतो. हिशेब करून पाहू. 1994 साली बाजारात आलेल्या हीरो होंडा स्प्लेंडरचा बोअर 50 मिमी व स्ट्रोक 49.5 मिमी, म्हणजे 97.2 सीसी. अर्धा मिमी मोठ्या पिस्टनने ती 99 सीसीच्या आसपास जाते, एक मिमीने 101. हा फरक ओझे ओढताना जाणवण्याइतका नाही. गाडी सुधारल्यासारखी वाटते ती गेलेला दाब परत आल्यामुळे. हेड घासून दाब वाढवला तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात इंजिन तापून ठोके देऊ लागते. एअर फिल्टर काढून टाकणे म्हणजे तर भातगिरणीची आणि कच्च्या रस्त्याची धूळ थेट बोअरमध्ये ओतणे होय.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या बाजारातून आख्खे इंजिन घेणाऱ्याने विशेष सावध राहावे. आरसी पुस्तकात इंजिनाचा नंबर असतो. इंजिन बदलण्यास आरटीओची आगाऊ मंजुरी लागते आणि विक्रेत्याचे कागद हातात हवेत. चोरीचे इंजिन निघाले तर बाजार तर बुडेलच, अब्रूही जाईल.

शेवटी कारागीर बंधूंसाठी एक सूचना. बोअरचे जुने माप, नवे माप आणि पिस्टनचा आकार बिलावर लिहून द्या व जुने सामान गिऱ्हाइकाच्या हाती ठेवा. सुरुवातीचे काही शे किलोमीटर गाडी बेताने चालवावी, जड गाठोडी लादू नयेत आणि ऑइल लवकर बदलावे, हेही त्याला सांगा. काढलेले जळके ऑइल नालीत ओतू नका. मापाचा कागद देणाऱ्या मिस्त्रीकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते, आणि येताना शेजाऱ्यालाही घेऊन येते.