पुढारीपण आणि अंगावर घेतलेले काम



वार्षिक सभा जवळ आली की गटागटांतून आमच्या कानावर एकच तक्रार येते. "साहेब, गावात पुढं होणारा माणूसच राहिला नाही. शिकलेली पोरं पुण्याला गेली, राहिली ती मोबाइलात." यावर कोणी म्हणतो शिबिर घ्या, कोणी म्हणतो व्याख्यान ठेवा. शिबिरे आम्ही घेतो, पुढेही घेऊ. पण व्याख्यान ऐकून पुढारी झालेला माणूस आमच्या तरी पाहण्यात नाही. आपल्या कुवतीपेक्षा चार बोटे मोठे काम चारचौघांदेखत अंगावर घेतले, म्हणजे माणूस वाढतो. ते कसे, हे आपल्याच साखर धंद्यातल्या एका उदाहरणावरून पाहू.

प्रवरानगरचे विठ्ठलराव विखे पाटील हे नाव आपण प्रत्येक सभेत ऐकतो. फोटोला हार घालतो आणि पुढच्या विषयाला लागतो. वास्तविक त्या माणसाने काय अंगावर घेतले ते नीट समजून घेतले पाहिजे. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी हे गाव. भंडारदऱ्याचे पाणी कालव्याने आले होते, ऊस पिकत होता, पण पैसा शेतकऱ्याच्या हाती राहत नव्हता. गुळाचा भाव बाजारात अडत्याच्या हाती. ऊस एकदा तोडला की त्याला थांबवून ठेवता येत नाही, दर दिवसाला वजन घटते, उतारा घटतो. ज्याचा माल थांबू शकत नाही त्याला बोली करता येत नाही, ही खरी अडचण.

विखे पाटलांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. अशा माणसाने शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा करायचा म्हणणे, हे त्या काळी ऐकणाऱ्याला वेडेपणाचेच वाटले असणार. भागभांडवल गोळा करण्यासाठी ते गावोगाव हिंडले. ज्याच्या दारी सावकार बसलेला, त्याच्याकडे न दिसणाऱ्या कारखान्यासाठी पैसे मागायचे होते. परवाना, यंत्रसामग्री, कर्ज, सरकार-दरबार, यातले काहीच त्यांच्या नेहमीच्या व्यवहारातले नव्हते. १९५० साली कारखान्याचे गाळप सुरू झाले. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात तिथून धरतात.

आता इथे दोन गोष्टी आहेत, आणि हाराच्या गडबडीत त्या सांगायच्या राहून जातात.

एक म्हणजे, ही उडी अचानक मारलेली नव्हती. १९२३ साली त्यांनी लोणीत सहकारी पतपेढी काढली होती. म्हणजे कारखान्याआधी सत्तावीस वर्षे! पतपेढी चालवायची म्हणजे भाऊबंदाला कर्ज द्यायचे आणि त्याच भाऊबंदाच्या दारात वसुलीला उभे राहायचे. हे ज्याने एकदा केले आहे त्याला विचारा, लग्नकार्यात पंगतीला बसायची चोरी होते. आमच्या मते पुढचा कारखाना त्या वसुलीत तयार झाला. लोकांनी शेअरचे पैसे दिले ते कारखान्याचा नकाशा पाहून नव्हे. पतपेढीचा हिशेब त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

दुसरी गोष्ट आम्हांला जास्त मोठी वाटते. कारखान्याचे पहिले अध्यक्ष विखे पाटील झाले नाहीत. त्यांनी पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना अध्यक्ष केले आणि स्वतः उपाध्यक्ष राहिले. ज्याने रान उठवले, तोच दुसऱ्या खुर्चीवर बसला. आपल्याला काय येत नाही हे ओळखायचे, ते ज्याला येते त्याला आणायचे, आणि त्याच्याशेजारी बसून शिकायचे. शेअर गोळा करण्यापेक्षाही हे काम अवघड असले पाहिजे. भल्याभल्यांना गावच्या सोसायटीतसुद्धा ते जमत नाही, हे आपण बघतोच. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज तो कारखाना त्यांच्या नावाने चालतो.

तेव्हा मोठे काम अंगावर घेणे म्हणजे काय? बँकेचे कर्ज काढून दारात दुसरा ट्रॅक्टर उभा करणे नव्हे. ती हौस झाली. निवडणुकीला उभे राहणे हेही आम्ही त्यात धरत नाही, कोणी रागावले तरी चालेल. ज्यात आपले स्वतःचे पीक, पैसा किंवा शब्द अडकला आहे आणि जे एकट्याने पुरे होत नाही, ते काम.

असे एक काम आज प्रत्येक गटात पडून आहे, ते म्हणजे खोडव्याचे पाचट न जाळणे. ऐकायला साधे वाटते. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघते, त्यात नत्र आहे, पालाश आहे, सेंद्रिय कर्ब आहे. काडी लावली की दहा मिनिटांत धूर. पण ज्याने जाळायचे नाही असे ठरवले, त्याला पहिल्या दिवसापासून माणसे गाठावी लागतात. मुकादमाला सांगून ऊस जमिनीलगत तोडून घ्यावा लागतो. शेजाऱ्याने काडी टाकली तर आग बांध ओळखत नाही, म्हणून चारही बांधांच्या मालकांशी बोलावे लागते. त्यातल्या एकाशी वाटेवरून कोर्टात दावा चालू असतो! उंदीर होतील, पाणी पुढं सरकणार नाही, असे पारावर बसून सांगणारे असतातच. आमच्या एका गटात एका तरुण सभासदाने हे केले. पहिल्या वर्षी त्याला गावाने नावे ठेवली. तिसऱ्या वर्षी पाणीपाळीचे भांडण मिटवायला गावाने त्यालाच बोलावले. त्याला कोणी पुढारी नेमले नव्हते. चार बांधांवर बोलता बोलता त्याला बोलणे आले होते आणि लोकांना त्याचा शब्द कळला होता.

कृती सांगतो. तोडणी होताच पाचट सरीत लोटावे, बुडखे मोकळे करावेत. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटून त्यावर बुरशीनाशक फवारावे. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावे. रासायनिक खत पहारीने भोक पाडून द्यावे. पहिला हप्ता पंधरा दिवसांच्या आत, दुसरा १३० ते १३५ दिवसांनी. मध्ये नांगरट, बगला फोडणे वगैरे काही नाही.

येत्या हंगामात प्रत्येक गावातून निदान एका सभासदाने एक एकर असे राखावे, अशी आमची विनंती आहे. नाव गट कार्यालयात तोडणीपूर्वी नोंदवावे, म्हणजे आमचा माणूस तोडीच्या दिवशी फडात हजर राहील. बांधावरच्या शेजाऱ्यांशी मात्र तुम्हीच बोलायचे आहे, ते काम आमचा माणूस करणार नाही.