लॅमिंग्टन रोडला जाण्यापूर्वी

शेतीला रात्रीची वीज, विहीर वस्तीपासून लांब आणि बांधावर सापकिरडू. अशा गावात मोटार घरबसल्या चालू-बंद व्हावी असे कोणाला वाटणार नाही? मोबाइलवर चालणारा तयार स्टार्टर आता तालुक्यातही मिळतो. पण मोटारीबरोबर ठिबकचे चार व्हॉल्व्ह आपोआप फिरवायचे, परसबागेला वेगळे पाणी सोडायचे, ग्रामपंचायतीची टाकी भरली की पंप थांबवायचा, असे काही मनात असेल तर सुटे भाग आणून जुळवणे परवडते. आयटीआय झालेला एखादा पोरगा गावात असतोच. त्याला सोबत घ्या.

माल मुंबईला मिळतो. लालबाग-परळला कोणी पाहुणे असतील तर आदल्या रात्री मुक्काम करावा. दादरहून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरून ग्रँट रोडला उतरा आणि पूर्वेला बाहेर पडा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असे असले तरी विचारताना लॅमिंग्टन रोडच विचारा. रेडिओच्या जमान्यापासून सुट्या भागांची ही पेठ. बोर्ड, रिले, सेन्सर, अँटेना इथे घ्या. कॉन्टॅक्टर, एमसीबी, वायर यांसाठी मात्र क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ गाठावी. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकाने बंद असतात.

आता महत्त्वाचे. दुकानदार पहिला प्रश्न विचारील, ‘कोणता बोर्ड पाहिजे?’ तुम्ही आधी अंतर सांगा. घर ते विहीर किती फूट, मध्ये ऊस आहे की घरे, विहिरीवर कोणत्या कंपनीची रेंज येते, हे घरूनच कागदावर लिहून न्यावे. सामान त्यावर ठरते.

ईएसपी३२ नावाचा छोटा बोर्ड स्वस्त आहे आणि त्यात वाय-फाय असते. अंगणातल्या बागेला तो पुरतो. पण वाय-फाय मोकळ्यावर शे-दोनशे फूट धड चालते. उभा ऊस आणि भिंती त्याला खातात. विहीर किलोमीटरभर असेल तर लोरा जातीचे रेडिओ घ्या, दोन्ही टोकांना एकेक. समोरासमोर नजर पोचत असेल तर त्याचा छोटा संदेश काही किलोमीटर जातो आणि सिमकार्डाचा खर्च नाही. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरलेल्या शक्तीपर्यंत परवाना लागत नाही. ९१५ चा माल कोणी स्वस्तात दिला तरी घेऊ नये. पंचायतीच्या टाकीला आणि विहिरीवरच्या पंपाला हीच जोडी बरी.

सिमवर चालणारे घ्यायचे तर जुने २जी मॉड्यूल आणि ४जी मॉड्यूल यांत फरक आहे. जिओला २जी नाहीच. गावात जिओचीच रेंज असेल तर २जी मॉड्यूल म्हणजे पेपरवेट!

रिलेवर ‘१० अँपिअर’ छापलेले असते आणि लोक फसतात. पाच अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार चालताना सात-आठ अँपिअर घेते हे खरे, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट ओढते. म्हणून रिलेने फक्त कॉन्टॅक्टरचे कॉइल ओढावे, मोटार कॉन्टॅक्टरने. ओव्हरलोड, सिंगल फेजिंग आणि कोरड्या विहिरीचे संरक्षण स्टार्टरमध्येच असू द्या. बोर्डाच्या भरवशावर ते सोडू नका. ही जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.

व्हॉल्व्ह घेताना दाब विचारा. शेतीचे बरेच सोलेनॉइड व्हॉल्व्ह पाण्याच्याच दाबाने उघडतात. दहा फुटांवरच्या टाकीचा दाब जेमतेम ०.३ बार भरतो, तेवढ्यात ते अडकतात. टाकीवर भिजवणाऱ्याने शून्य दाबावर उघडणारा व्हॉल्व्ह मागावा. वीज गेली की बंद होणाराच घ्या. नाहीतर टाकी रिकामी. ओलाव्याचा दोन उघड्या काट्यांचा सेन्सर थोड्याच दिवसांत गंजतो, कपॅसिटिव्ह बरा.

एक गोष्ट सरपंच आणि वायरमन यांनीही लक्षात घ्यावी. वीज आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि ट्रान्सफॉर्मरवर एकाच वेळी भार पडतो. म्हणूनच ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा असे महावितरण पुन्हा पुन्हा सांगत आले आहे. आपल्या बोर्डावर हे टाळता येते. वीज आल्यावर मोटार आपणहून सुरूच होऊ नये. सुरू करायची तर एकाची पाच मिनिटांनी, शेजाऱ्याची बारा मिनिटांनी, अशी पाळी डीपीवरच्या सर्वांनी बसून ठरवावी. डीपी जळाली तर उभे पीक दोघांचेही वाळते.

आणखी एक सूचना बोर्डात घालून घ्या: संदेश तुटला तर ठरलेल्या वेळेनंतर मोटार आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद. रेंज पावसातच जाते आणि तेव्हाच आपण घरी असतो.

पक्के बिल घ्या, रिले दोन जादा घ्या. घरी आल्यावर मोटारीच्या जागी साधा बल्ब लावून आठ दिवस चालवून बघा, मगच पेटी विहिरीवर न्या.