स्पर्धेतील लावणी आणि आपली दृष्टी

सातारा-सांगलीकडील शाळांत स्नेहसंमेलन जवळ आले की नृत्यस्पर्धेची तयारी सुरू होते आणि तीत लावणी हमखास असते. नऊवारी, चाळ आणि ढोलकी यांवर टाळ्या पडतात, मुलींना बक्षिसे मिळतात. परंतु हीच लावणी फडावर करणाऱ्या स्त्रीला समाजाने काय दिले, हा प्रश्न त्या टाळ्यांत बुडून जातो. तो येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५), सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्षचे. ते ब्राह्मण होते. त्यांच्या फडाची नायिका पवळा महार समाजातील. एकाच बोर्डावर दोघे गाजले. पण बापूराव शाहीर ठरले, तर पवळाच्या नावाभोवती तिच्या रूपाच्याच कथा फिरत राहिल्या. बापूरावांनी तमाशा स्वेच्छेने स्वीकारला होता. महार, मांग, कोल्हाटी स्त्रियांच्या वाट्याला तो बहुधा जन्मानेच येई.

तमाशाच्या उत्पन्नातून बापूरावांनी देऊ केलेली मदत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली, असे सांगितले जाते. आपल्या भगिनींना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. हा त्या स्त्रियांचा तिरस्कार नव्हे. १६ जून १९३६ रोजी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळी भगिनींना त्यांनी समोर बसवून स्वाभिमानाचे जीवन जगण्याचे आवाहन केले होते.

साताऱ्याच्या शेजारी, सोलापूर जिल्ह्यातील अकलूज येथे १९९३ पासून लावणी स्पर्धा होऊ लागल्या. त्यांनी पारंपरिक लावणीला प्रतिष्ठित रंगमंच दिला, हे मान्यच केले पाहिजे. तथापि परीक्षकांच्या गुणपत्रिकेत अदाकारी मोजली जाते. कलावतीचे घर, लेकरांचे शिक्षण आणि म्हातारपण तीत येत नाही. राष्ट्रपती पुरस्कार लाभलेल्या विठाबाई नारायणगावकर यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. २००२ साली त्या निवर्तल्या.

लावणी बंद करावी, असे आमचे म्हणणे नाही. परंतु दहा वर्षांच्या मुलीला नेत्रकटाक्ष शिकवून त्यावर गुण देताना आपण तिच्यात काय पाहतो, याचा विचार पालकांनी व शिक्षकांनी अवश्य करावा. पायांतील ताल, गळ्यातील सूर यांना गुण द्यावेत. आणि चाळ बांधण्यापूर्वी मुलींना व मुलांनाही पवळा आणि विठाबाई यांचे जीवन सांगावे. ते ऐकून टाळी वाजवणारा प्रेक्षक घडवणे, हेच शाळेचे काम होय.