सर्वांत लांबची वाट
कामाचं वेळापत्रक : लेखांक ६

मार्च-एप्रिलमध्ये शेवटची मोळी गव्हाणीत पडते आणि साखर कारखान्याचा हंगाम संपतो. ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावी परततात, बैलगाड्यांचे तळ ओस पडतात. बाहेरून बघणाऱ्याला कारखाना झोपल्यासारखा वाटतो. आत मात्र दुसरा हंगाम सुरू झालेला असतो, ओव्हरहॉलिंगचा. कुठले रोलर झिजले, बॉयलरच्या किती ट्यूब बदलायच्या, टर्बाइन कधी उघडायचं, याच्या याद्या होऊ लागतात. पुढची मोळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडायची असते. सहा महिने हातात आहेत, असं प्रत्येकाला वाटतं आणि घोळ होतो तो इथूनच.

गेल्या आठवड्यात आपण हेन्री गँट यांचा पट्ट्यांचा तक्ता पाहिला. कुठलं काम कधी सुरू होतं आणि कधी संपतं, हे त्यात एका नजरेत दिसतं. शंभर वर्षांनंतरही तो भिंतीवर टिकून आहे, तो त्याच्या या सोपेपणामुळे. पण गँट यांनी काढायचे त्या रूपात एक गोष्ट त्या पट्ट्यांमधून कळत नाही. कुठलं काम कुठल्या कामासाठी अडून बसलंय? एक पट्टी आठ दिवस पुढे सरकली, तर आणखी कुठल्या पट्ट्या सरकतील? आजचा लेखांक या प्रश्नासाठी आहे.

त्यासाठी आपलाच कारखाना घेऊ. खऱ्या ओव्हरहॉलिंगमध्ये शेकडो कामं असतात. मी अकरा घेतो. दिवसांचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, ते कुठल्या एका कारखान्याचे नाहीत.

पहिली बाजू मिलची. मिल उघडून रोलर बाहेर काढायला १० दिवस. ते रोलर वर्कशॉपला पाठवायचे, झिजलेलं शेल बदलून, खाचा पाडून परत आणायचे, त्याला ६० दिवस. रोलर बाहेर असताना इथे बेअरिंगची आणि हेडस्टॉकची दुरुस्ती, २५ दिवस. रोलर परत आले आणि ही दुरुस्तीही झाली, की ते बसवून जुळवणी करायची, १५ दिवस.

दुसरी बाजू बॉयलरची. थंड करून आतून साफ करायला १२ दिवस, ट्यूब बदलायला ३०. मग पाण्याचा दाब देऊन हायड्रॉलिक टेस्ट आणि बॉयलर निरीक्षकांची तपासणी, ८ दिवस. त्यानंतर भट्टीतलं वीटकाम आणि इन्सुलेशन, १४ दिवस. टर्बाइनचं ओव्हरहॉलिंग स्वतंत्रपणे पहिल्या दिवसापासून करता येतं, ४० दिवस. बॉयलर आणि टर्बाइन दोन्ही तयार झाले, की अग्निप्रदीपन करून वाफेवर टर्बाइन फिरवून बघायचं, ५ दिवस. शेवटी मिलची चाचणी, ४ दिवस. तिला जुळवलेली मिलही लागते आणि वाफही लागते.

एक कोरा कागद घ्या. प्रत्येक कामाचा चौकोन काढा आणि जे काम ज्याच्यानंतरच होऊ शकतं, त्याच्याकडे बाण न्या. उपनद्या एका नदीत येऊन मिळाव्यात तसे सगळे बाण शेवटी मिलच्या चाचणीत येऊन मिळतील.

आता सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणाऱ्या वाटा मोजा. रोलर काढणं, वर्कशॉप, जुळवणी, चाचणी, या वाटेने १० अधिक ६० अधिक १५ अधिक ४, म्हणजे ८९ दिवस. वर्कशॉपऐवजी बेअरिंगच्या वाटेने गेलात, तर ५४. बॉयलरच्या वाटेने ७३. टर्बाइनच्या वाटेने ४९.

या चारांत सर्वांत लांब वाट ८९ दिवसांची. तीच क्रिटिकल पाथ. मी तिला कळीची वाट म्हणेन. कारखाना ८९ दिवसांच्या आत सुरू होऊच शकत नाही, बाकी सगळी खाती कितीही धावली तरी. शिकवताना मुलं इथे नेहमी अडखळतात. लवकरात लवकर काम संपवायचं आहे, तर मग सर्वांत आखूड वाट शोधायला नको का, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. पण गावाला जाताना आपण अनेक रस्त्यांतला एकच निवडतो. इथे सगळ्याच वाटा चालाव्या लागतात, त्याही एकाच वेळी, वेगवेगळ्या माणसांनी. सर्वांत लांबच्या वाटेवरचा माणूस पोहोचल्याशिवाय मिल फिरत नाही.

आता उलटं मोजू. समजा, १ नोव्हेंबरला गाळप सुरू करायचं आहे. म्हणजे ३१ ऑक्टोबरला मिलची चाचणी संपलेली हवी. तिथून ८९ दिवस मागे आलं, की तारीख येते ४ ऑगस्ट. रोलर १४ ऑगस्टला गेटबाहेर पडलेच पाहिजेत. हे सलग दिवस आहेत; गणपतीची सुट्टी धरलेली नाही, दसऱ्याचीही नाही. एप्रिलमध्ये जे सहा महिने वाटत होते, त्यांतले खरे मोकळे दिवस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच संपतात. रोलरच्या दुरुस्तीची मंजुरी ऑगस्टअखेर मिळाली, तर १ नोव्हेंबर हुकलाच. त्यानंतर ऑक्टोबरात रात्रपाळ्या लावून तो परत येत नाही.

बॉयलरचं तसं नाही. त्याची वाट ७३ दिवसांची, म्हणजे तिला १६ दिवसांची सवड आहे. इंग्रजी पुस्तकांत याला फ्लोट किंवा स्लॅक म्हणतात, पण सवड हा आपला शब्द त्याहून नेमका आहे. बॉयलरचं काम २० ऑगस्टला सुरू केलं तरी चालेल. टर्बाइनला तर ४० दिवसांची सवड आहे. ते १३ सप्टेंबरपर्यंत उघडलं नाही, तरी मोळीचा मुहूर्त चुकत नाही. बेअरिंगच्या कामाला ३५ दिवस सवड. रोलरच्या वाटेला शून्य. ज्या कामाला सवड शून्य, ते कळीच्या वाटेवर. व्याख्या एवढीच आहे.

आता एक गोष्ट बघा. बॉयलर हे कारखान्यातलं मोठं, धोक्याचं काम. त्याला सरकारी तपासणी लागते, त्याच्या अग्निप्रदीपनाला संचालक मंडळ येतं. टर्बाइन महागडं, नाजूक. तुलनेने रोलर ट्रकवर चढवून वर्कशॉपला पाठवणं हे काम बिनमहत्त्वाचं वाटतं. पण तारीख अडलेली आहे ती त्या ट्रकवर. उशीर कुठे परवडतो आणि कुठे नाही, हे कामाच्या आकारावर ठरत नाही, किमतीवरही नाही. ते काम जाळ्यात कुठल्या जागी बसलंय, त्यावर ठरतं. आपल्याकडे आढावा बैठकांत वेळ जातो तो मोठ्या खर्चाच्या आणि मोठ्या आवाजाच्या कामांवर. माझ्या मते बैठकीचा पहिला प्रश्न नेहमी एकच असावा, की सवड शून्य असलेलं काम आज कुठवर आलं?

ही पद्धत जन्मली तीही कारखान्यांच्या गरजेतूनच. १९५६ च्या अखेरीस अमेरिकेतल्या ड्यूपाँ या रसायन कंपनीला आपल्या नव्या कॉम्प्युटरला उपयोगाचं काम हवं होतं. कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे गणिती जेम्स केली यांनी मिळून कामांचं जाळं मांडायची आणि त्यातून तारखा काढायची रीत तयार केली. हिशेब चालायचा युनिव्हॅकवर. सुमारे ५,००० निर्वात नळ्या असलेलं ते धूड होतं. सुरुवातीच्या चाचण्या बांधकामावर झाल्या. पण पद्धतीची ताकद दिसली ती केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या निओप्रीन कारखान्यात. देखभालीसाठी तो कारखाना बंद ठेवावा लागे आणि त्यात सरासरी १२५ तास जात. कामांचं जाळं मांडून कळीची वाट शोधल्यावर तो वेळ ९३ तासांवर आला. आपल्या ऑफ सीझनचंच हे धाकटं रूप. तिथे तासांचा प्रश्न होता, इथे दिवसांचा आहे.

केली आणि वॉकर यांना आणखी एक गोष्ट हवी होती. वेळ कमी करायला पैसे कुठे लावायचे, हे त्यांना त्या जाळ्यातून काढायचं होतं. आपल्या उदाहरणात हे करून बघू. वर्कशॉपवाल्याला जादा पैसे दिले, तर तो ६० ऐवजी ४० दिवसांत रोलर देईल असं समजा. वीस दिवस वाचले म्हणून आनंद होईल. पण मोजून बघा. रोलरची वाट आता ६९ दिवसांची झाली आणि बॉयलरची ७३ होती तिथेच आहे. कारखाना सुरू होणार ७३ दिवसांनी. पैसे दिले वीस दिवसांचे, मिळाले सोळा. शेवटचे चार दिवस विकत घेतले ते वाया गेले, कारण कळीची वाट मध्येच रोलरवरून उठून बॉयलरकडे गेली. कळीची वाट एप्रिलमध्ये एकदा लाल शाईने रंगवली की झालं, असं समजणाऱ्यांचं इथेच चुकतं. दर आठवड्याला हिशेब पुन्हा करावा लागतो.

उशिराचंही तसंच. बॉयलरच्या ट्यूब वीस दिवस उशिरा आल्या, तर आरडाओरडा होईल. पण ७३ चे ९३ झाले, ८९ पेक्षा चारच जास्त. सोळा दिवस सवडीने गिळले. ट्यूब पुरवणाऱ्याशी भांडायचं की नाही ते भांडा, पण नुकसान वीस दिवसांचं झालेलं नाही, चारच दिवसांचं आहे.

सवडीबद्दल एक गैरसमज मात्र फार महागात पडतो. बॉयलरच्या वाटेला १६ दिवस सवड आहे, असं मी म्हटलं. ती साफसफाईवाल्यांची आहे का? ट्यूब बदलणाऱ्यांची? वीटकाम करणाऱ्या गवंड्यांची? ती सगळ्यांची मिळून आहे. एकत्र कुटुंबातल्या कणगीसारखी. साफसफाईत दहा दिवस जास्त गेले, तर पुढच्या सगळ्यांना मिळून सहाच उरतात. पण वेळापत्रकाच्या छापील कागदावर प्रत्येक कामासमोर ‘सवड १६’ असंच लिहिलेलं येतं आणि जो तो खातेप्रमुख ते सोळा दिवस आपलेच समजतो. पहिल्याने सोळा वापरले, दुसऱ्यानेही सोळा वापरले, तर दोघंही कागदाला धरून वागले आणि तरीही मोळी सोळा दिवस लांबली. म्हणून सवड वाटून देऊ नये. ती वापरायची परवानगी एकाच माणसाच्या हातात असावी.

राहिला प्रश्न आकड्यांचा. वर्कशॉप ६० दिवस घेईल, हे कशावरून? १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात हा प्रश्न फार टोकदार होता, कारण तसं क्षेपणास्त्र आधी कुणी बनवलंच नव्हतं. तिथे या पद्धतीची पर्ट नावाची सख्खी बहीण जन्मली. प्रत्येक कामासाठी तीन आकडे विचारायचे. सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, बहुतेक वेळा किती आणि सगळंच बिघडलं तर किती. मधल्या आकड्याची चौपट करायची, दोन्ही टोकं त्यात मिळवायची आणि सहाने भागायचं. वर्कशॉपचे आकडे ४५, ६० आणि १०५ असतील, तर उत्तर येतं ६५. साठ नव्हे. बिघडायची बाजू सुधारायच्या बाजूपेक्षा लांब असते, म्हणून हे पाच दिवस वाढले. तेवढ्यानेच आपले ८९ चे ९४ होतात आणि सुरुवातीची तारीख ४ ऑगस्टवरून ३० जुलैवर येते.

या एकेका दिवसाची किंमत कारखान्याच्या गेटबाहेर चुकवली जाते, म्हणून मला हे इतकं मोलाचं वाटतं. रोज ५,००० टन गाळणारा कारखाना दहा दिवस उशिरा सुरू झाला, तर ५०,००० टन ऊस त्या दहा दिवसांत तुटत नाही. तो हंगामाच्या शेवटाकडे ढकलला जातो. तोवर उसाला तुरा येतो, उन्हाळा लागतो, वजन घटतं, उताराही पडतो. उचल घेऊन, लेकरंबाळं घेऊन आलेली टोळी पालात बसून राहते आणि बसल्या दिवसाची तिला मजुरी नसते. त्यांच्यातल्या कुणाचाही रोलरशी काडीचा संबंध नसतो.

आजच्या हिशेबात मी एक गोष्ट मुद्दाम बाजूला ठेवली आहे. बेअरिंगच्या कामाला आणि बॉयलरच्या ट्यूबना एकच वेल्डर लागत असेल, तर? जाळ्यातल्या बाणांना माणसं दिसत नाहीत. पुढच्या आठवड्यात तेच बघू. तोवर हे गणित सोडवून ठेवा. टर्बाइनचं काम ४० ऐवजी ८५ दिवसांचं झालं आणि बाकी सगळं पहिल्या आकड्यांप्रमाणेच राहिलं, तर मोळी किती दिवस लांबेल आणि तेव्हा बॉयलरच्या वाटेला किती सवड उरेल? कागद-पेन्सिल पुरेशी आहे. उत्तर पुढच्या लेखांकाच्या सुरुवातीला देईन.