धडधड सुरू असतानाच ईसीजी काढा

खेळता खेळता लेकरू मटकन खाली बसते, छातीत धडधडते म्हणते आणि पंधरा मिनिटांत पुन्हा पळायला लागते. घरात कोणी म्हणते घाबरले, कोणी म्हणते नजर लागली. माय-बहिणींनो, अशा वेळी मीठ-मिरच्या ओवाळत बसू नका. छातीला हात लावा, घड्याळ बघा आणि दवाखाना गाठा.

ताप, रडणे, धावणे यानेही ठोके वाढतात. आपल्या भागात सिकलसेलची लेकरे आहेत; रक्त कमी झाले की त्यांचेही हृदय जोरात चालते. पण हे ठोके हळूहळू चढतात, हळूहळू उतरतात. हृदयातल्या विजेच्या वाटेत दोष असेल तर ठोके बटण दाबल्यासारखे एकदम सुरू होतात, एकदम थांबतात. डॉक्टर याला 'एसव्हीटी' म्हणतात. तान्ह्या बाळाचे ठोके मिनिटाला २२० च्या वर, मोठ्या मुलाचे १८० च्या वर जातात. बाळाला सांगता येत नाही. ते दूध ओढत नाही, किरकिरते, घामाघूम होते, फिकट पडते.

निदान ईसीजीच्या पट्टीवर होते. धडधड थांबल्यावर काढलेली पट्टी बहुधा चांगली येते आणि लेकरू "काही नाही" म्हणून घरी परतते. म्हणून धडधड सुरू असतानाच जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, तिथेच ईसीजी काढायला सांगा. नागपूर शंभर किलोमीटरहून लांब आहे. तिथे पोचेपर्यंत पुरावा निघून जातो. पट्टी जपून ठेवा.

डॉक्टर मोठ्या मुलाला कुंथायला लावतात, तान्ह्याच्या चेहऱ्यावर काही सेकंद बर्फाची पिशवी धरतात. हे घरी करू नका. त्याने थांबले नाही तर शिरेतून ॲडेनोसिन देतात. ते काही सेकंदांतच काम करते. प्रकृती ढासळत असेल तर विजेचा मोजका झटका देतात. पुढे काहींना रोजचे औषध लागते. बऱ्याच बाळांचा त्रास वर्षभरात जातो. मोठ्या मुलांचा राहिलाच, तर मांडीच्या शिरेतून तार नेऊन दोषाची वाट जाळतात. छाती उघडावी लागत नाही.

शुद्ध हरपली, ओठ निळे पडले, धाप लागली तर लगेच १०८ ला फोन करा. आणि अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना पट्टी दाखवा. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढच्या उपचारांची सोय तिथून मोफत होते. तो आपल्या लेकरांचा हक्क आहे, मागून घ्या.